आतड्याच्या मूत्राशयातून लघवी गळत असेल तर स्लिंग बसवावी का?

कर्करोगामुळे आईंचे मूत्राशय काढून आतड्याचे नवे मूत्राशय मूत्रमार्गाला जोडले, त्याला दीड वर्ष झाले तरी दिवसाही पॅड भिजतात आणि आता स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी, सुचवली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे. आईंना न तपासता निर्णय सांगता येणार नाही. मात्र लघवी नेमकी कुठून आणि का गळते हे ठरल्याशिवाय स्लिंगला होकार देऊ नका.

आतड्याच्या पिशवीला लघवीला लागल्याची मूळची जाणीव नसते. घड्याळ पाहून, कुंथून ती रिकामी करावी लागते. स्त्रियांमध्ये ती पुष्कळदा अर्धवटच रिकामी होते आणि साठलेली लघवी भरून सांडते. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी केली की हे कळते. तसे असेल तर स्लिंगने त्रास वाढेल. स्वच्छ नळी स्वतः घालून ठरावीक वेळी पिशवी रिकामी करणे हाच उपाय.

दुसरे कारण फिस्टुला, म्हणजे पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडलेले छिद्र. यासाठी आम्ही योनीमार्गात एकावर एक तीन कापसाचे बोळे ठेवतो, पिशवीत मेथिलीन ब्लूचे निळे पाणी भरतो आणि रुग्णाला थोडे चालायला सांगतो. वरचा बोळा निळा निघाला तर छिद्राचा संशय पक्का होतो. फक्त खालचा भिजला तर लघवी मूत्रमार्गातून येते आहे. छिद्र शिवताना मध्ये भगोष्ठाखालच्या चरबीचा थर आणून ठेवतात, म्हणजे दोन्हीकडचे टाके समोरासमोर येत नाहीत.

ही दोन्ही कारणे नसतील आणि मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायूच दुबळा असेल, तरच स्लिंगचा विचार. मूत्रमार्गाभोवती इंजेक्शन देऊन तो आवळता येतो, पण त्याचा गुण बेताचाच आणि बहुधा टिकत नाही. स्लिंगसाठी कृत्रिम जाळीपेक्षा पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी मला बरी वाटते. जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे, पिशवी आणि आतडी चिकटलेली असू शकतात, त्यामुळे तिथून सुई नेताना आतड्याला इजा होण्याची भीती असते. एरवीच्या स्लिंगइतकी ही शस्त्रक्रिया सोपी नव्हे. पट्टी घट्ट बसली तर आयुष्यभर नळी घालावी लागू शकते, म्हणून आईंना ती स्वतःच्या हाताने घालता येते का, हे शस्त्रक्रियेआधीच पाहून घ्या.

याने भागले नाही तर मूत्रमार्ग बंद करून पोटावर लघवीची वाट काढता येते. रुग्णांना ती हार वाटते. मला वाटत नाही, कारण त्यानंतर पॅड सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.