‘दहा हजार टॅक्स वाचेल’ म्हणून एमबीए?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलगी बी.कॉम. झाली, घरी राहून तलाठी भरतीचा अभ्यास करते. सोबत एका खासगी विद्यापीठाचं दूरस्थ एमबीए घेतलं. फी वर्षाला 48,000, निम्मी भरली. ‘फीवर दहा हजार टॅक्स वाचेल’ असं सेंटरवाले म्हणाले होते, पण पंचायत समितीतल्या बाबूंनी पावती परत केली. माझा वार्षिक पगार 9,20,000, जुनी करप्रणाली. पीएफ आणि एलआयसीचे मिळून दीड लाख भरतातच. पावती कशी मंजूर करून घ्यावी?

उत्तर: गुरुजी, नमस्कार. बाबूंवर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे. आयकर कायद्याच्या कलम 80सी मध्ये मुलांच्या ट्यूशन फीची सूट आहे ती पूर्णवेळ शिक्षणासाठी. घरी बसून केलेला दूरस्थ कोर्स त्यात बसत नाही. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात रोज जात असती, तर तिची ट्यूशन फी चालली असती. तीही हॉस्टेल, बसभाडं, डेव्हलपमेंट फी वगळून.

सेंटरवाल्याचा हिशेब मात्र मला कळला. 48,000 चे वीस टक्के 9,600, वर चार टक्के सेस, झाले 9,984. आकडेमोड चोख, पण तुमच्या कामाची नाही. 80सीची मर्यादाच दीड लाखाची, आणि ती तुमच्या पीएफ-एलआयसीने आधीच भरलेली. पावती चालली असती, तरी एक रुपया वाचला नसता!

खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही अजून जुन्या प्रणालीत का? 50,000 ची प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर आणि 80सीचे दीड लाख वजा केले तरी 7,17,500 वर कर लागतो. सेससकट 58,240 रुपये. नव्या प्रणालीत 2025-26 साठी 75,000 वजा जाऊन उरतात 8,45,000, आणि बारा लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर शून्य. गृहकर्जाचं व्याज वगैरे काही असेल तर तेवढं तपासून घ्या. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, रिटर्न भरतानासुद्धा. वर्षभर कापलेला कर मग परतावा म्हणून येतो. दहा हजारांच्या पावतीमागे धावताना अठ्ठावन्न हजार निसटत होते, गुरुजी.

शैक्षणिक कर्ज काढलं असतं तर व्याजाला 80ई मध्ये सूट होती, आठ वर्षांपर्यंत, पण जुन्या प्रणालीतच. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं हवं. पाहुण्यांकडून किंवा गावच्या पतसंस्थेतून घेतलेलं चालत नाही. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

आता पोरीचं. तलाठी पदाला कोणतीही पदवी पुरते, ती तिच्याकडे आहे. एमबीएने त्या भरतीत एक गुणही वाढणार नाही. बँकेत किंवा कंपनीत जायचा तिचा विचार असेल तर एमबीएला अर्थ आहे, आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी कागदोपत्री नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. पण मग नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूची फी पाहिली का? इग्नूचं विभागीय केंद्र नागपुरात आहे.

दुसरा हप्ता भरण्याआधी दोन गोष्टी बघा. ते विद्यापीठ आणि तो कोर्स यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरच्या यादीत यंदाच्या सत्रासाठी आहे का, आणि मुलीचा डीईबी आयडी, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी क्रमांक, तयार झाला का. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. शिवाय पावती विद्यापीठाच्या नावाची आहे की सेंटरच्या लेटरहेडवरची? माझ्याकडे आलेल्या एका मुलाकडे दोन वर्षांच्या अशा कच्च्या पावत्या होत्या आणि विद्यापीठात त्याचं नावच नव्हतं. पावतीचा फोटो मला पाठवा, मग पुढचं बोलू.