चेंबर बनवायचा तर सुरुवात जाळीपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं प्यूजोचं २.१ लिटर डिझेल काढून कारमधून निघालेलं चार सिलिंडरचं डिझेल बसवताय. त्याचा ॲल्युमिनियमचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचा तेलाचा डबा, पुढच्या ॲक्सलवर टेकतोय. इंदूरच्या सांवेर रोडवरचा फॅब्रिकेटर म्हणतो, तळ ४ सेंमी कापून पत्रा मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.

नका देऊ. तो वेल्डिंग चांगलंच करेल, प्रश्न वेल्डिंगचा नाहीच. चेंबर म्हणजे तेलाची टाकी असं धरून तो बोलतोय. खरं काम आहे तेलपंपाच्या सक्शनची जाळी कायम तेलात बुडलेली ठेवणं, आणि डबा त्या जाळीभोवती बांधायचा असतो.

हिशोब करून बघा. तुम्ही दिलेल्या मापांनी चेंबरचा खोल भाग ३० बाय २२ सेंमी आहे. ४ सेंमी कापले की २६४० घन सेंमी, म्हणजे अडीच लिटरच्या वर तेल गेलं. ५ लिटर तेल घेणाऱ्या इंजिनात उरलं काय? तेवढंच तेल वर भरून काढू म्हणाल तर पातळी क्रँकच्या वजनांना लागेल, क्रँक तेल घुसळेल, फेस होईल आणि पंप हवा ओढेल.

आता उतार घ्या. २० अंशांच्या चढावर ३० सेंमी लांबीत तेलाच्या पातळीत जवळजवळ ११ सेंमी फरक पडतो, एका टोकाला साडेपाच खाली, दुसऱ्याला तेवढंच वर. ८ सेंमी तेल असेल तर उथळ टोकाला अडीच सेंमी उरतं. ४ सेंमी असेल तर ते टोक कोरडं. इंदूरजवळच्या भेरूघाटात रस्ता एवढा तिरपा नसतो हे खरं, पण उतारात ब्रेक दाबला की तेल आणखी पुढे धावतं. उथळ रुंद चेंबर म्हणजे पाण्याची परात घेऊन जिना उतरणं.

म्हणून कापण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, हेच इंजिन कंपनीने दुसऱ्या कुठल्या गाडीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवून दिलं होतं का. मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सी किंग दोघींत १.३ लिटरचं एकाच घराण्याचं इंजिन, पण एकीत आडवं आणि दुसरीत उभं, तेही पुढच्या ॲक्सलच्या सोबतीने. असा चेंबर त्याच्या सक्शन पाइपसकट मिळाला तर फॅब्रिकेशनच वाचलं. दोन, तुमचा ॲल्युमिनियमचा चेंबर बेल हाउसिंगलाही (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) बोल्टांनी बांधलेला आहे का. कारच्या बऱ्याच नव्या इंजिनांत तो असतो, आणि मग तो नुसतं भांडं नसतो, इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याला ताकद देतो. पत्र्याचा चेंबर ते काम करणार नाही. तो भार इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ॲडॅप्टर प्लेटने घ्यायला हवा.

जागा मोजताना गाडी उभी ठेवून फट बघू नका. इंजिन त्याच्या माउंटवर बसवा, मुलांच्या खेळण्यातली क्ले ॲक्सलवर आणि डिफरन्शियलच्या गोळ्यावर थापा आणि ॲक्सल जॅकने बंप रबरला (ॲक्सलची वरची चाल अडवणारा रबर) लागेपर्यंत वर उचला. क्ले कुठे आणि किती दबली तेच तुमचं खरं माप. त्यावर किमान २५ मिमी मोकळे सोडा, कारण रबर माउंट दबतं आणि पाट्यांचा ॲक्सल वर येताना थोडा पुढे-मागेही सरकतो.

मग डबा. ॲक्सलच्या वरचा भाग उथळ, त्याच्या मागे खोल विहीर, आणि गेलेलं तेल बाजूच्या पंखांत. २६ बाय १० सेंमीचा, ५ सेंमी खोल पंख १.३ लिटर घेतो, दोन्ही बाजूंनी काढले की हिशोब जुळला. स्टार्टर आणि चॅसिस आड येत नाहीत एवढं बघा. जाळी विहिरीत, तळापासून ६ ते १० मिमी वर. जवळ गेली तर तेल अडतं, लांब गेली तर हवा येते. जाळीभोवती उभ्या पत्र्यांचं कुंपण घाला आणि त्यात आत उघडणारी बिजागरीची दारं ठेवा, तेल येईल पण परत जाणार नाही. सक्शन पाइप कापून जोडताना मेन कॅपच्या (क्रँक धरून ठेवणारी टोपी) बोल्टाला आधाराची पट्टी द्या आणि ओ-रिंग नवीन टाका. त्या बाजूची चीर बाहेर गळत नाही, गुपचूप हवा ओढते, म्हणून सापडता सापडत नाही.

पत्रा लोहामंडीतून सीआरसीए (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला), १.६ किंवा २ मिमी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो. फ्लँज, म्हणजे ब्लॉकला बोल्टने बसणारी कड, ८ मिमी प्लेटमधून, गॅस्केट नमुन्याला देऊन लेझरने कापून घ्या. वेल्डिंग आर्गनचं, आणि फ्लँज भंगारातल्या ब्लॉकला पूर्ण बोल्ट मारून. छोटे टाके, समोरासमोर आलटून पालटून, आणि थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. घाई केली की फ्लँज केळ्यासारखी वाकते आणि सिलिकॉनचे थर चढवूनही गळती थांबत नाही.

गळती तपासायला बाहेरून सगळ्या जोडांवर खडू घासा, आत रॉकेल भरा, नाही मिळालं तर डिझेल, आणि रात्रभर ठेवा. पांढऱ्या खडूवर जिथे ओला काळसर डाग उमटेल तिथे छिद्र. आत रंग लावू नका, वेल्डिंगचे मणी तासून काढा, आणि सिलिकॉन बारीक लावा. आत निघालेली शेपटी तुटून थेट जाळीत जाते. एम६ बोल्टांना १० न्यूटन-मीटर पुरे.

डिपस्टिकच्या जुन्या खुणा आता निरुपयोगी. मोजून तेल भरा, खूण नव्याने करा. इंजिन बदलाची परवानगी आणि आरसीवरची नोंद आरटीओत आधीच विचारून घ्या, ते नंतर उलगडायला जास्त त्रास.

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर फिरवा, तेलाचा दाब दिसला की मगच चालू करा. डॅशवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो पेटतो तेव्हा दाब जवळजवळ गेलेला असतो. काट्याचं गेज लावा आणि गरम इंजिनावर भेरूघाट चढून-उतरून या, काट्यावर नजर ठेवायला शेजारी कोणीतरी बसवा. उतारात ब्रेकवर काटा लटपटला तर दारांत किंवा कुंपणात गडबड आहे. सपाटीवरही लटपटला तर सक्शन पाइपचा सांधा आधी उघडा.