फणसाचा भुसा तुरटीत का उजळतो?

प्रश्न: बाई, घरी फणसाची जुनी फळी कापली. तिचा पिवळा भुसा मी दोन पेल्यांत भिजवला आणि एकात चिमूटभर तुरटी टाकली. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली तुरटीचा पेला हिरवा उजळला, दुसरा जेमतेम. तिसऱ्या पेल्यात नुसतं तुरटीचं पाणी होतं, ते मुळीच चमकलं नाही. मग हा उजेड आला कुठून?
– बारावीची विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर: तिसरा पेला ठेवलास, हे मला फार आवडलं. त्यानेच अर्धं उत्तर दिलं आहे. उजेड भुशातला आहे, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्याला फक्त बाहेर पडू देतं.

फणसाच्या लाकडाच्या गाभ्यात मोरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायला हेच लाकूड वापरत. मोरिनचा रेणू टॉर्चची ऊर्जा शोषतो खरा, पण एकटा असताना ती वाया घालवतो. त्याचे दोन भाग एका बंधाभोवती वळत राहतात, एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी घेतो आणि ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात विरते. ॲल्युमिनियमचा आयन भेटला की मोरिन त्याला दोन ऑक्सिजनांच्या मध्ये पकडतो, कुर्ली डेंग्यात पकडते तसा. अशा संयुगाला कीलेट म्हणतात, आणि तो शब्दही ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरूनच आला आहे. आता उडी मारणारा हायड्रोजन निघून गेलेला असतो, रेणू ताठ झालेला असतो. ऊर्जेला उष्णतेच्या वाटा अवघड होतात आणि ती हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते.

फ्रिडरिश गॉपेल्सरोडर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने 1867 साली याच उजेडावरून ॲल्युमिनियम ओळखलं. अशा उजेडाच्या, म्हणजे प्रतिदीप्तीच्या, आधारे केलेलं ते पहिलं रासायनिक विश्लेषण मानतात.

मी एम.एस्सी.ला असताना हाच प्रयोग करत होते आणि ज्या नळीत ॲल्युमिनियम घातलंच नव्हतं, तीही चमकायची. दोन दिवस मोरिनच्या बाटलीवर संशय घेतला. शेवटी लक्षात आलं की नळ्या मी नळाच्या पाण्याने विसळत होते, आणि ते पाणी तुरटीने निवळलेलं होतं! ऊर्ध्वपातित पाण्याने विसळल्यावर ती नळी विझली. तुझा दुसरा पेला जेमतेम का होईना चमकला, त्यात तुमच्या पाण्याचाही थोडा वाटा असू शकेल.

मात्र कुठलाही धातू चालत नाही. ॲल्युमिनियम, जस्त यांच्या आयनांत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, ते मधे लुडबुड करत नाहीत. लोखंड आणि तांबं यांच्या आयनांत एकटे इलेक्ट्रॉन असतात. ते रेणूला धरतात, पण त्याने साठवलेली ऊर्जा स्वतःच ओढून घेतात आणि उजेड मरतो. म्हणून भुसा लोखंडी कढईत उकळू नकोस, काचेचं किंवा स्टीलचं भांडं घे.

आणखी एक करून बघ. उजळलेल्या पेल्यात लिंबू पिळ. लिंबातलं सायट्रिक आम्ल स्वतःच ॲल्युमिनियमला धरतं, शिवाय आंबटपणामुळे मोरिनची पकडही सैल होते. उजेड मंदावायला हवा. टॉर्चकडे थेट पाहू नकोस, आणि किती थेंबांनी तो मंदावला ते मला नक्की कळव.