चालढकल, दिरंगाई, टाळाटाळ आणि ‘स्वतःला मोटिव्हेट करणे’

एका वाचकाचा प्रश्न आहे: महत्त्वाचे काम समोर असताना ते सोडून भलतेच काहीतरी करत बसण्याच्या सवयीवर मी लेख लिहितो आहे. त्या सवयीला चालढकल म्हणावे, दिरंगाई म्हणावे, टाळाटाळ म्हणावे की सरळ आळस म्हणावे? आणि ‘स्वतःला मोटिव्हेट करणे’ यासाठी ‘स्वतःला प्रेरित करणे’ याहून बरा शब्दप्रयोग आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर ‘चालढकल’ असे निःशंकपणे देता येईल. दिरंगाई हा शब्द फारसीतल्या ‘दिरंग’ म्हणजे विलंब या शब्दावरून आला असून तो प्रामुख्याने निर्णय, कारवाई, दप्तर यांच्या संदर्भात वापरला जातो. ‘दिरंगाई झाली’ असे म्हणताना ती कोणी केली हे सांगावे लागत नाही, आणि खुलाशाच्या पत्रांत हा शब्द इतका लाडका का आहे, याचे उत्तर बहुधा त्यातच असावे. टाळाटाळीला समोर दुसरा माणूस लागतो: कोणीतरी उत्तर, हिशेब किंवा पैसे मागत असतो आणि आपण त्याला चुकवत असतो. चालढकल मात्र कोणीही मागे लागलेले नसताना, स्वतःच ठरवलेल्या कामाची, एकट्यानेही करता येते.

आळसाचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण गल्लत होते ती तिथेच. ज्याला अहवाल लिहायचा आहे असा एखादा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो वेळेवर टेबलाशी बसतो, फाइल उघडतो, शीर्षकाचा टंक दोनदा बदलून पाहतो, मग जुन्या फाइलींची नावे नीट लावतो, साठलेल्या ईमेलना उत्तरे देतो आणि दिवस संपताना खरोखरच थकलेला असतो. अहवालाची मात्र एक ओळही झालेली नसते. याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि कामचुकार म्हणणे तर त्याहून, कारण दिवसभर तो राबतच होता. आपल्या परंपरेनेही हा भेद केलेला आहे. महाभारतातल्या विदुरनीतीत माणसाने टाकून द्यावेत असे सहा दोष सांगितले आहेत: ‘निद्रा तन्द्रा भयं क्रोध आलस्यं दीर्घसूत्रता’. आलस्य आणि दीर्घसूत्रता (म्हणजे काम लांबवत राहणे) यांची गणना इथे वेगवेगळी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या तामस कर्त्याच्या वर्णनातही ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ ही दोन स्वतंत्र विशेषणे येतात. दीर्घसूत्री हा आपल्याकडचा जुना आणि नेमका शब्द आहे, पण आज तो लेखात घातला तर वाचक अडखळेल.

मानसशास्त्रातली व्याख्याही चालढकलीच्याच बाजूने जाते. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील व्याख्येचा आशय असा, की विलंबाने आपलेच नुकसान होईल अशी अपेक्षा असतानाही, जे करायचे ठरवले होते ते स्वेच्छेने लांबवणे म्हणजे प्रोक्रॅस्टिनेशन. म्हणजे विचारपूर्वक काम लांबणीवर टाकणे यात बसत नाही. आधी तातडीचे उरकून उरलेले पुढच्या आठवड्यावर नेणाऱ्याला चालढकल करणारा म्हणू नये.

दुसऱ्या भागाकडे वळताना आपल्या क्रियापदांकडे लक्ष द्यावेसे वाटते. मराठीत कंटाळा मला येतो, हुरूप मला येतो, उमेद मला वाटते, प्रेरणा मला मिळते. चालढकल मात्र मी करतो. पहिल्या सगळ्या गोष्टी आपल्याकडे चालून येणाऱ्या आहेत आणि शेवटची आपली करणी आहे. मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले, की नकोशा वाटणाऱ्या कामाने मनाला येणारी अस्वस्थता तात्पुरती शमवण्यासाठी माणूस ते काम पुढे ढकलतो. ‘कंटाळा आला म्हणून चालढकल केली’ या साध्या वाक्यात तो सारा व्यवहार आलेला आहे. (विदुरनीतीच्या यादीतले ‘भय’ही इथे आठवावे, काम बिघडेल या भीतीनेच पुष्कळदा घोडे पेंड खाते.)

‘स्वतःला प्रेरित करणे’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण कानाला परके लागते, कारण प्रेरणा ही आपण स्वतःलाच द्यायची वस्तू असल्यासारखे त्यात गृहीत धरलेले आहे. माझी शिफारस ‘स्वतःकडून काम करवून घेणे’ अशी आहे. ‘करवणे’ हे प्रयोजक क्रियापद. त्यात करणारा एक आणि करवणारा दुसरा असतो, आणि ‘स्वतःकडून’ म्हटल्यावर दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. शिवाय हुरूप येण्याची वाट पाहण्याची अट या प्रयोगात नाही. मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडलेला उपाय याच धाटणीचा आहे: नुसता संकल्प सोडण्यापेक्षा, कोणत्या प्रसंगी नेमके काय करायचे हे आधीच ठरवून ठेवले तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते. मराठीत यासाठी ‘की’ हे अव्यय तयारच आहे: ‘दुपारची बैठक संपली की अहवालाचे दुसरे प्रकरण उघडायचे.’ असे वाक्य लेखात उदाहरणादाखल जरूर द्यावे. ‘मनावर घेणे’ हा प्रयोग मात्र जपून वापरावा. ‘मनावर घेतले तर एका दिवसात होईल’ हे चालढकल करणाऱ्यांचेच आवडते वाक्य आहे. त्यापेक्षा ‘कामाला हात घालणे’ बरे, कारण त्यात सुरुवात झालेली दिसते.

शीर्षकासाठी एक सूचना. ‘चालढकलवर मात’ असे लिहिलेले अनेकदा दिसते. शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याचे सामान्यरूप ‘चालढकली’ होते, म्हणून ‘चालढकलीवर मात’ असे हवे. मला स्वतःला ‘चालढकलीची सवय मोडताना’ हे शीर्षक अधिक पटते, कारण मात एका डावात होते आणि सवय मोडायला वेळ लागतो.