वाचकांचे प्रश्न : वस्तीच्या नियोजनाचा खेळ कोणाकडून करून घ्यावा?

प्रश्न : आमच्या वस्तीत रहिवाशांचे मंडळ आहे. मोकळ्या जागेचे काय करायचे, पायवाट कुठून न्यायची, दिवे कुठे लावायचे अशा विषयांवर आम्ही बैठका घेतो. पण येतात तेच पंधरा-वीस जण आणि त्यांतही बोलतात तिघे-चौघे. म्हणून मोबाइलवर खेळता येईल असा नियोजनाचा खेळ तयार करून घ्यायचे ठरले आहे. खेळाडूसमोर वस्तीचा नकाशा असेल, हातात ठरावीक रक्कम असेल आणि तेवढ्यात त्याने बाग, बाक, दिवे, गटार वगैरे मांडायचे, अशी कल्पना आहे. तीन डेव्हलपरांकडून दरपत्रके मागवली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरांत चौपटीचा फरक आहे. आमच्यापैकी कोणालाच यातले तांत्रिक ज्ञान नाही. निवड कशी करावी आणि करारात काय लिहून घ्यावे?

उत्तर : दरांत चौपटीचा फरक पडतो, तेव्हा बहुधा तिघांनी तीन वेगवेगळ्या वस्तूंचे दर दिलेले असतात. एकाने चौकोनांवर चित्रे ठेवण्याचा साधा खेळ गृहीत धरला असेल, दुसऱ्याने त्रिमितीय वस्ती, तर तिसऱ्याने शेकडो जण एकाच वेळी एकाच नकाशावर खेळत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर आणले असेल. आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्यांना लेखी मिळाले नसणार. त्यामुळे आत्ता या दरांची तुलना करण्यात अर्थ नाही. तिघांनाही थोडे थांबायला सांगावे आणि तोवर हा खेळ कागदावर खेळून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. एका मंडळासाठी आम्ही असाच खेळ मोठ्या पुठ्ठ्यावर मांडला होता. चौकोन आखले, खडूने रस्ते काढले, रकमेऐवजी प्रत्येकाला वीस बिया दिल्या. पहिल्याच संध्याकाळी एका आजींनी पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘यात माझं घर कुठे आहे?’ नकाशावर देऊळ नव्हते, पाण्याची टाकी नव्हती, कोपऱ्यावरचे मोठे झाड नव्हते. ज्या खुणांवरून माणसे आपली वस्ती ओळखतात त्यांपैकी एकही नव्हती. एका चौकोनात एकच वस्तू, असा नियम आम्ही सहज करून टाकला होता. त्यामुळे झाड आणि झाडाखालचा बाक एकत्र ठेवता येईना, आणि सावलीशिवाय बाक कोणालाच नको होता. शिवाय जवळजवळ सर्वांच्या बिया बागेवर खर्च झाल्या आणि गटाराकडे कोणी फिरकले नाही. मग आम्ही मध्येच पावसाची एक फेरी घातली : गटार नसलेल्या उताराच्या चौकोनांत पाणी साचते आणि तिथली मांडणी त्या फेरीपुरती बाद होते. दुसऱ्या दिवशी लोकांनी गटारासाठी आपापसांत बिया उसन्या घेतल्या. हे सारे पुठ्ठा, खडू आणि बियांवर कळले. तयार झालेल्या अ‍ॅपमध्ये हाच प्रत्येक बदल स्वतंत्र काम म्हणून मोजला गेला असता.

नियम मंडळानेच ठरवावेत, असे मी म्हणतो त्याचे कारण याहून मोठे आहे. ‘सिमसिटी’ हा शहर उभारण्याचा खेळ 1989 मध्ये आला. करांचा दर, रहदारी आणि वस्तीची वाढ यांचे परस्परसंबंध त्यात खेळाचे रचनाकार विल राइट यांनी बसवले होते. खेळणाऱ्याला ते गणित दिसत नाही, केवळ त्याचे परिणाम दिसतात. करमणुकीच्या खेळात हे चालून जाते. आपल्या खेळात मात्र बागेला किती गुण आणि गटाराला किती, हा प्रश्न म्हणजेच वस्तीच्या नियोजनाचा प्रश्न आहे. तो मंडळाने सोडवला नाही, तर काम अडू नये म्हणून डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने सोडवील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

नवे अ‍ॅप हवेच का, हेही एकदा तपासावे. संयुक्त राष्ट्रांची शहरे व वस्त्यांसाठी काम करणारी ‘यूएन-हॅबिटॅट’ ही संस्था आणि ठोकळे रचून हवे ते उभारण्याचा ‘माइनक्राफ्ट’ हा संगणकीय खेळ बनवणारी मोजांग कंपनी यांनी 2012 मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. त्यात नवा खेळ बनवण्याऐवजी हाताशी असलेल्या माइनक्राफ्टमध्ये खऱ्या जागेची प्रतिकृती उभी करतात, रहिवासी गटागटाने संगणकाभोवती बसून तिच्यात बदल सुचवतात आणि त्या मांडण्या पुढे आराखडा करणाऱ्यांच्या हाती जातात. आपल्या बैठकीला न येणाऱ्यांपर्यंत पोहोचायचे असेल, तर मोबाइलचा पर्याय योग्यच आहे. पण अ‍ॅप उतरवून न घेता ब्राउझरमध्ये उघडणारा खेळ बहुधा पुरेसा ठरेल. खेळाडूंनी एकाच क्षणी खेळण्याऐवजी आपापल्या सवडीने मांडणी करून ती जतन करावी, एवढे ठरवले तरी खर्चाचा मोठा भाग कमी होतो.

कागदावरचे नियम पक्के झाले की ते दोन-तीन पानांत लिहावेत आणि तीच पाने तिघांना द्यावीत. आता येणारे दर एकमेकांशी ताडून पाहता येतील. प्रत्येकाने आधी केलेले एखादे काम मंडळातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर चालवून पाहावे आणि ते ज्यांच्यासाठी केले होते त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात : काम हाती आल्यावर दुरुस्तीसाठी माणूस भेटतो का, आणि वेळ चुकणार असेल तर तो आधी कळवतो का. त्यानंतर ज्याच्याकडे कल आहे त्याला एक छोटे काम पैसे देऊन सांगावे. नकाशाचा एकच पडदा (स्क्रीन), त्यावर पाच वस्तू ठेवता आणि उचलता याव्यात, मध्येच इंटरनेट गेले तरी मांडणी टिकावी, एवढे पुरे. हे काम कसे होते आणि त्या काळात संवाद कसा राहतो, यावरून जे कळेल ते दरपत्रकावरून कळणार नाही.

करारात सर्वांत आधी मालकी स्पष्ट करावी. बाहेरच्या व्यक्तीकडून पैसे देऊन लिहून घेतलेल्या सोर्स कोडचे, म्हणजे खेळ ज्यावर चालतो त्या मूळ लिखित आज्ञांचे, स्वामित्वहक्क अनेक देशांत लेखी हस्तांतर झाल्याशिवाय लिहिणाऱ्याकडेच राहतात. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा समज इथे चालत नाही. कोड पहिल्या दिवसापासून मंडळाच्या नावाच्या खात्यात जमा व्हावा. सर्व्हर, संकेतस्थळाचे नाव आणि अ‍ॅप स्टोअरचे खाते हेही मंडळाच्याच नावावर असावे व त्यांचे पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. मी पाहिलेल्या एका कामात अ‍ॅप डेव्हलपरच्या वैयक्तिक खात्यातून प्रसिद्ध झाले होते. त्याने नोकरी बदलली, फोन उचलणे बंद केले, आणि नकाशावरचे एक चुकीचे नाव बदलायलाही मंडळाला कित्येक महिने कोणी मिळेना. शेवटी लोकांनी खेळ उघडणेच सोडले.

हप्ते तारखांशी न बांधता खेळून पाहता येईल अशा टप्प्यांशी बांधावेत आणि शेवटचा हप्ता लहान नसावा. गुगल प्लेवर खेळ आणायचा असेल, तर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते; हा काळ वेळापत्रकात धरलेला असावा. देखभालीचा वार्षिक खर्चही आताच ठरवून घ्यावा, कारण अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांनुसार अ‍ॅप अद्ययावत ठेवण्याची अट स्टोअरकडूनच असते. गेम इंजिन, म्हणजे खेळ ज्याच्या आधारे बनवतात ते तयार सॉफ्टवेअर, कोणते वापरणार, हेही विचारावे. ‘युनिटी’ या इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये अ‍ॅप किती वेळा उतरवले गेले त्यावर शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने मागे घेतले, त्या काळात अनेक छोट्या निर्मात्यांची झोप उडाली होती. ‘गोडो’ हे इंजिन मुक्त परवान्याचे, म्हणजे कोणालाही शुल्काशिवाय वापरता येणारे, असल्याने तिथे ही धास्ती नाही. अर्थात, आपल्या डेव्हलपरचा हात ज्यावर बसलेला आहे त्याला मी अधिक वजन देईन.

नकाशासाठी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाची माहिती विनामूल्य वापरता येते, मात्र खेळात तिचा श्रेयनिर्देश दिसायला हवा. वस्तीतल्या खुणा तिथे नसतील, तर मंडळातल्या तरुणांनी त्या स्वतः भराव्यात. म्हणजे आमच्या आजींचा प्रश्न आपल्याकडे कोणाला विचारावा लागणार नाही.

खेळाडूंचे नाव, फोन क्रमांक आणि ते खेळताना कुठे होते याची नोंद शक्यतो घेऊच नये. वयोगट आणि वस्तीचा भाग एवढे पुरते. जमा झालेल्या मांडण्या साध्या तक्त्याच्या आणि नकाशाच्या फाइलमध्ये बाहेर काढता आल्या पाहिजेत, ही अट करारात जरूर घालावी, नाहीतर शेकडो लोकांचे मत अ‍ॅपमध्येच अडकून पडते आणि आराखडा करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात नुसता सल्ला विचारणे ही खालून चौथी पायरी आहे आणि निर्णयात वाटा मिळणे त्याच्या बरेच वर येते. आपला खेळ कोणत्या पायरीवर आहे, म्हणजे मांडण्या कोण पाहणार आणि त्यांचे पुढे काय होणार, हे खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लिहावे. ते वाक्य डेव्हलपर लिहू शकत नाही. मंडळाला ते आज लिहिता येत नसेल, तर काम सुरू करण्याची घाई करू नये.

प्रश्न : आमच्या मंडळातही असाच विचार सुरू आहे. एका सदस्यांचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो आणि असा खेळ विनामूल्य करून द्यायला तयार आहे. त्याच्याकडे काम द्यावे का?

उत्तर : द्यावे, पण विनामूल्य नको. मानधन थोडे असले तरी चालेल. पैसे दिले की मंडळाला दुरुस्ती मागताना संकोच वाटत नाही आणि त्यालाही परीक्षेच्या काळात ‘आता जमणार नाही’ असे मोकळेपणाने सांगता येते. कोड मंडळाच्या खात्यात ठेवणे आणि हक्कांचे लेखी हस्तांतर या अटी त्यालाही लागू कराव्यात. शक्य असल्यास त्याच्या जोडीला आणखी एक विद्यार्थी घ्यावा, म्हणजे एकाला नोकरी लागली तरी दुसऱ्याला आतली रचना ठाऊक असेल. आणि कागदावर खेळ मांडाल तेव्हा त्याला पडद्याआड न ठेवता पुठ्ठ्याजवळ बसवावे. कोणाचा हात कुठे अडखळतो, कोण बिया हातात घेऊन नुसताच विचार करत राहतो, हे त्याने आधी डोळ्यांनी पाहावे आणि मगच संगणक उघडावा.