गोदामात फोर्कलिफ्ट आणि माणसांसाठी रस्ता किती रुंद असावा?

गोकुळ शिरगावच्या नव्या गोदामात रॅक बसवून अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्ट चालवायची आहे, आणि रॅकवाल्याने सांगितलेला ‘गाडीच्या रुंदीपेक्षा तीन फूट जास्त’ हा नियम पुरेसा आहे का, असे आपण विचारले आहे. सरळ जाण्यायेण्याच्या रस्त्याला तो चालेल. रॅकमधल्या गल्लीला मुळीच चालणार नाही.

हा तीन फुटांचा आकडा अमेरिकेतून आलेला आहे. तेथील ‘ओशा’ या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेच्या मूळ नियमात रुंदी दिलेलीच नाही, वाहनांसाठी पुरेसे सुरक्षित अंतर ठेवा आणि कायमच्या रस्त्यांवर खुणा करा, एवढेच त्यात म्हटले आहे. सर्वांत रुंद साधनापेक्षा तीन फूट अधिक किंवा किमान चार फूट, ही शिफारस 1972 च्या एका खुलाशातली आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याचे कलम 32 देखील रस्ते भक्कम, मोकळे आणि न घसरणारे असावेत असे सांगत असे, फुटांचा हिशेब देत नसे.

आता गाडीवर 1.2 मीटर रुंदीचे पॅलेट, म्हणजे माल रचायचा पाट, धरले, तर तीन फुटांच्या नियमाने रस्ता जेमतेम 2.1 मीटरचा होतो. त्यातून गाडी सरळ निघून जाईल, पण रॅकमध्ये माल ठेवण्यासाठी तिला काटकोनात वळावे लागते आणि त्यासाठी या आकाराच्या गाडीला साधारण चार मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या माहितीपत्रकात मिळतो. मात्र त्यात बहुधा 200 मिलिमीटर एवढीच मोकळीक धरलेली असते, म्हणून मी स्वतः तेवढ्यावर कधीच थांबत नाही. जागा फारच कमी असेल, तर रीच ट्रक, म्हणजे काटे पुढे सरकवून माल ठेवणारी आणि कमी जागेत वळणारी गाडी, घेऊन गल्ली तीन मीटरच्या आसपास आणता येते, पण त्याला फरशी सपाट लागते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे स्टोअर मी काही वर्षे सांभाळले. नकाशावर बारा फूट असलेली तिथली गल्ली प्रत्यक्षात दहा फुटांची उरली होती, कारण पॅलेट रॅकच्या बाहेर डोकावत आणि ‘आत्ता उचलतो’ म्हणून खाली ठेवलेली पोती चार-चार दिवस तिथेच राहत. रुंदी मोजायची ती माल भरलेला असताना, एका बाजूच्या मालाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत.

माणसांची वाट मात्र या हिशेबात मिसळू नका. नुसता पिवळा पट्टा फोर्कलिफ्टला अडवत नाही. जिथे रोजची ये-जा आहे, तिथे लोखंडी कठडा लावावा आणि गल्लीच्या तोंडाशी बहिर्गोल आरसा बसवावा. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांबरोबर चिखल आत येतो, तेव्हा दाराजवळ थांबण्याचे अंतरही वाढते, हे आपल्या भागात विशेष लक्षात घ्यावे लागते.

रॅकचे बोल्ट ठोकण्याआधी फरशीवर खडूने गल्ली आखा आणि भरलेले पॅलेट घेऊन चालकाला दोन्ही बाजूंना वळायला सांगा. तो जिथे गाडी मागे-पुढे करू लागेल, तिथे रेघ बाहेर सरकवा.