व्हॅन बास्टेन, त्याचा घोटा आणि तो गोल : वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात नेदरलँड्सचा फुटबॉलपटू मार्को व्हॅन बास्टेन याचं नाव ओझरतं आलं आणि त्याच्यावरच बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न : १९८८ च्या युरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) अंतिम सामन्यातला त्याचा गोल आजही सगळीकडे फिरतो. पण तो नशिबानं झाला असं नाही वाटत? (नाशिक)

अजिबात नाही. त्या क्षणी काय काय घडलं ते पाहा. २५ जून १९८८, म्युनिक, समोर सोव्हिएत संघ. रुड गुलिटच्या हेडरमुळे नेदरलँड्स १-० नं पुढे. ५४ व्या मिनिटाला ३७ वर्षांच्या अर्नोल्ड म्युरेननं डावीकडून चेंडू उंच टाकला. तो इतका लांब गेला की त्याच्यामागे धावत व्हॅन बास्टेन पेनल्टी क्षेत्राच्या पार उजव्या टोकाला आला. तिथून गोलकडे पाहिलं तर मारायला कोनच उरत नाही. चेंडू पायाखाली घ्यायचा आणि सहकाऱ्याची वाट बघायची, एवढंच कुणीही केलं असतं. आपण दमलो होतो, बचावपटूंशी झुंजत बसण्यापेक्षा मारून मोकळं व्हावं असं वाटलं, असं त्यानंच पुढे सांगितलं. लोक त्यावरून नशीब म्हणतात. पण चित्रफीत सावकाश बघा. चेंडू खाली उतरेपर्यंत तो घाई करत नाही, नजर चेंडूवरून हलत नाही, आणि फटका असा बसतो की चेंडू रिनात दासायेवच्या हातांवरून जाऊन पलीकडच्या बाजूच्या जाळीत घुसतो. दासायेव त्या काळातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक! बाकावर डच प्रशिक्षक रिनस मिकेल्स यांनी चेहऱ्यावर हात घेतला. १९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ते प्रशिक्षक असताना याच मैदानावर डच संघ हरला होता.

शिवाय ती स्पर्धाच आठवा. पाठीवर १२ क्रमांक, पहिल्या सामन्यात राखीव. दुसऱ्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध हॅटट्रिक. उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीविरुद्ध ८८ व्या मिनिटाला विजयी गोल. एकूण पाच गोल करून स्पर्धेत अव्वल. त्याआधी १९८६ मध्ये अजॅक्स या डच क्लबकडून डेन बॉशविरुद्ध मारलेली ओव्हरहेड किकही शोधून बघा, म्हणजे नशिबाची शंका फिटेल.

प्रश्न : दूरदर्शनवर १९९० चा विश्वचषक पाहिला होता. एवढा मोठा खेळाडू, एकही गोल नाही! (अमरावती)

हो, एकही नाही. वाईट याचं वाटतं की त्याच मोसमात १९ गोल करून तो इटलीच्या लीगमध्ये पहिला आला होता. पण डच संघ आतून विस्कटलेला होता. खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून योहान क्रायफ हवे होते, नेमणूक झाली लिओ बेनहाकर यांची. गटातले तिन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पुढच्या फेरीत पश्चिम जर्मनीनं २-१ नं घरी पाठवलं. आघाडीच्या खेळाडूला मागून चेंडूच नीट मिळत नसेल तर तो काय करणार? मी तरी त्याचा दोष फार धरत नाही.

प्रश्न : इटलीतल्या बचावपटूंनी त्याला लाथा घालून संपवलं, असं ऐकलंय. खरं आहे का? (पुणे)

अर्धंच खरं. इटलीत त्याला मार भरपूर बसला. त्या काळी मागून होणाऱ्या टॅकलवर पंच आजच्याइतके कडक नव्हते. पण घोट्याचं दुखणं त्याआधीचं. डिसेंबर १९८६ मध्ये ग्रोनिंगनविरुद्ध खेळताना घोटा दुखावला आणि तो पूर्ण बरा होण्याआधीच तो खेळत राहिला. अजॅक्सचे प्रशिक्षक क्रायफ यांना युरोपीय सामन्यांत तो हवाच होता. १३ मे १९८७ ला अथेन्समध्ये लायपझिगविरुद्ध त्याच्याच हेडरनं अजॅक्सनं कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धा जिंकली. आनंद मोठा, पण किंमत घोट्यानं मोजली. मग तो इटलीतल्या एसी मिलान क्लबकडे गेला. मिलानमधल्या पहिल्या मोसमात तो लीगचे जेमतेम ११ सामने खेळला, शस्त्रक्रियाही झाली.

सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) एकदा झिजली की पूर्ववत होत नाही. तरी त्यानं काय काय केलं! १९८९ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात स्टेआउआविरुद्ध दोन गोल, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बालोन द'ओर पुरस्कार तीनदा (१९८८, १९८९, १९९२), १९९१-९२ मध्ये एकही सामना न हरता विजेत्या ठरलेल्या मिलानसाठी २५ गोल. नोव्हेंबर १९९२ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये गोटेबोर्गविरुद्ध एकट्याचे चार गोल. पुढच्याच महिन्यात पुन्हा शस्त्रक्रिया.

२६ मे १९९३ ला मार्सेलविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मिलाननं ०-१ नं गमावला. मैदान तेच, म्युनिकचं. वय २८. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. नंतर दोन वर्षं उपचार चालले, रात्री बाथरूमपर्यंत रांगत जावं लागे, असं त्यानं सांगितलंय. ऑगस्ट १९९५ मध्ये निवृत्ती जाहीर करून त्यानं सान सिरोला फेरी मारली, तेव्हा मिलानचे प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वेदना थांबवायला अखेर घोट्याचा सांधा शस्त्रक्रियेनं कायमचा जखडावा लागला.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, तालमीच्या संघातून खेळतो. घोटा मुरगळलाय, पण रविवारी सामना आहे. क्रेप बँडेज बांधून उतरवू का? (कोल्हापूर)

नको. शाहू स्टेडियमवर उतरायची हौस आणि तालमीची ईर्षा मला कळते, पण सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे) भरून यायला आठवडे लागतात, आणि सैल राहिलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबलं की कळ येत असेल, तर आजच एक्स-रे काढून घ्या आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं नसेल तरी आधी फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घ्या. त्याच पायावर लंगडी घालता आली, पळता पळता न दुखता झटकन वळता आलं, की मग मैदान. संघातल्या मोठ्यांनी आग्रह केला तर ‘नाही’ तुम्ही म्हणा. पोराला ते म्हणवणार नाही.

प्रश्न : प्रशिक्षक म्हणून तो का चमकला नाही? (ठाणे)

सुरुवात बरी होती. २००४ ते २००८ तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. युरो २००८ मध्ये इटलीला ३-०, फ्रान्सला ४-१ असं हरवलं, ते सामने अजून डोळ्यांसमोर आहेत. मग उपांत्यपूर्व फेरीत रशियानं जादा वेळेत ३-१ नं गारद केलं. रशियाचे प्रशिक्षक होते गुस हिडिंक, तेही डच. पुढे अजॅक्स, हीरेनवीन, आणि २०१४ मध्ये एझेड, असे डच क्लब. तिथे ताण इतका वाढला की मुख्य प्रशिक्षकपद सोडून त्यानं साहाय्यकाची जागा घेतली. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो.